पांढऱ्या दोऱ्याची बाटली

१

माझी पणजी बानाबाई. निजामाच्या अमदानीत एका जहागीरदाराच्या देवडीतील फरसबंदी ती राखेने घासत असे. तिची लेक मनकर्णाबाई छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धूत असे. मनकर्णाबाईची लेक सारजाबाई, म्हणजे माझी आई, एका दवाखान्यातली पितळी भांडी चिंचेच्या कोळाने अशी लखलखीत करी, की डॉक्टरीणबाई त्यांत पाहून आपली टोपी सारखी करीत. तिघींनी जन्मभर दुसऱ्यांची घाण काढली. परंतु तिघींचे हात अखेरपर्यंत शाबूत राहिले आणि तिघींनीही अखेरचा श्वास छाती भरून घेतला.

चौथी मी, वच्छलाबाई. मी फरशी घासली नाही. एकतीस वर्षे मुले घासली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हा पारूबाई नावाची एक बाई माझ्या दारात खोकत उभी राहिली. लहानपणी ती दोनच महिने माझ्या वर्गात बसली होती. पुढे तिच्या आईने तिला कामाला धाडले, आणि मी ते चालवून घेतले. दहा वर्षे बंगल्यांतले संडास ॲसिडने धुऊन तिच्या छातीचा भाता झाला होता, आणि नाक तर साफ गेले होते. कपाटाखाली उंदीर मेला तरी पारूला कळत नाही, अशी चेष्टाच होती. तिच्या सुती लुगड्याला चाळणीसारखी भोके होती.

"बाई," ती म्हणाली, "ॲसिडाचा थेंब पडला का त्या दिशी काय दिसत नाय. चवथ्या दिशी लुगडं झटकावं तर भोक. माझ्या छातीचंबी तसंच झालं जणू."

त्या दिवशी आमचे गृहस्वच्छता मंडळ जन्माला आले.

शुक्रवार, सात जानेवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. चिकलठाण्याच्या एका कारखान्याने अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत, पाहुणेघराच्या न्हाणीघराचे दार सकाळी अकराला फोडावे लागले. आत पारू पडली होती. तोंड उंबऱ्याकडे, पदर नाकात कोंबलेला. आतून हिरवट पिवळा वायू बाहेर आला आणि दार फोडणारेही मागे हटले. दिवेलागणीला दवाखान्यात पारू गेली.

डॉक्टरांनी एका वाक्यात कारण सांगितले. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडले की विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत तो माणूस मारतो.

पावडर न्हाणीघरात आधीच पसरलेली होती. पण ॲसिड? आमच्या मंडळाने त्या वसाहतीतून ॲसिड हद्दपार केले होते. पारूच्या हातातील बाटली रिठ्याच्या पाण्याची होती. निदान बाटलीच्या गळ्याला रिठ्याची खूण होती. ती बाटली सोमवारी भरली होती सुगंधाबाईने. आणि आदल्या रविवारी, पाहुणेघराची पाळी कोणाची यावरून भांडताना, हीच सुगंधा पारूला सर्वांदेखत म्हणाली होती, "तुझं तोंड येक दिवस कायमचं बंद व्हईल!"

पोलिसांनी सुगंधेला त्याच दिवशी कोठडीत टाकले.

तपास करणारा फौजदार माझ्या शाळेतला विद्यार्थी होता. त्याच्या परवानगीने मी ती बाटली उचलली. गळ्याला बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्याला माझे बोट लागले मात्र, आणि दोरा तुटला नाही. त्याचा भुगा होऊन माझ्या तळव्यावर पडला.

२

त्या दोऱ्याविषयी सांगितले पाहिजे.

आमच्या मंडळातील निम्म्याहून अधिक बायांना अक्षरओळख नव्हती. छापलेली चिठ्ठी त्यांना निरुपयोगी. म्हणून आम्ही बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधले. रिठे रात्रभर भिजवून, सकाळी उकळून गाळलेले पाणी ज्या बाटलीत, तिला पांढरा सुती दोरा. वसाहतीतून गोळा करून परत पाठवायच्या ॲसिडच्या बाटल्यांना काळी लोकर. दोन्ही बाटल्या सारख्याच तपकिरी काचेच्या, फरक दोऱ्याचा. लोकर सुगंधा स्वतः चातीवर कातून आणी. ती तिच्या बापाच्या, कडूबाच्या, मेंढ्यांची.

आणि कडूबाचे माझ्यावर ऋण होते.

सन अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मी तेव्हा फुलंब्रीपलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होते. माझे घर जाळले. मी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन अंधारात पळाले ती कडूबा धनगराच्या मेंढवाड्यात शिरले. त्याने एक शब्द विचारला नाही. आम्हाला मेंढ्यांच्या मध्ये निजवले आणि वर काळी घोंगडी टाकली. जमाव आला.

"कडूबा, घोंगडीखाली काय हाय?"

"आजारी मेंढरू हाय. हात लावा, तुमच्याबी जनावराला रोग लागंल."

तीन दिवस आम्ही त्या घोंगडीखाली काढले. चौथ्या दिवशी ती पांघरूनच शहरात आलो. घोंगडी माझ्याकडेच राहिली.

आता त्या कडूबाची लेक कोठडीत होती, आणि मेलेली बाई माझ्या वस्तीतली. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय त्याच आठवड्यात येणार अशी बोलवा होती. शहरभर बंदोबस्त होता. अशा वेळी पारूचा नवरा सूर्यभान माझ्या अंगणात उभा राहिला. त्याच्या मागे पंचवीस-तीस तरुण होते.

"बाई, धनगराच्या पोरीनं माझी बायको मारली. सोळा वर्षांमागं घरं जाळली, आता बायका मारायल्यात. तुम्ही फकस्त सांगा, आम्ही त्यांच्या वस्तीवर जातो."

"सूर्यभान, खाली बस."

"बसायला नाय आलो!"

"मी तुला विचारले नाही. बस म्हणाले."

तो बसला. त्याच्या मागचेही बसले.

"पारूच्या मारेकऱ्याला तू सोडशील, पण मी सोडणार नाही," मी म्हणाले. "विहारात मला क्षमेचा पाठ म्हणायला लावतात आणि मी तो म्हणते. पारूच्या बाबतीत मी तो म्हणणार नाही. परंतु चुकीच्या माणसावर घेतलेला सूड हा खऱ्या गुन्हेगाराला दिलेला आहेर असतो. मला पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ दे."

"अन् तवर सुगंधीच निघाली तर?"

"तर तुझ्याआधी मी तिच्या दारात उभी राहीन."

हे मी बोलून गेले. परंतु तो भुगा मी पदराच्या गाठीत बांधून आणला होता, आणि तो काय सांगत होता हे मला तोवर कळले नव्हते.

३

शनिवारी सकाळी मी पाहुणेघराचा राखणदार पुंडलिक याला गाठले. घाबरट माणूस. मला पाहताच त्याने टोपी काढली, घातली आणि पुन्हा काढली.

"न्हाणीघरात पावडर कोणी टाकली?"

"म्या टाकली, बाई. खोटं कशाला बोलू? शुक्रवारी पहाटं टाकली. अन् खिडकी लावली."

"खिडकी का लावलीस?"

"निरोपच तसा व्हता. पुण्याचं पाव्हणं येणार, मोरीला वास नको, पावडर टाक, खिडकी लाव, थंडी आत येती."

"मग पाहुणे आले?"

"नाय आलं," तो गोंधळून म्हणाला. "कुणीच नाय आलं."

"आठवडाभर तू येथेच होतास?"

"नाय जी. वैजापूरला बहिणीकडं व्हतो, कांद्याच्या काढणीला. गुरुवारच्या शेवटच्या यष्टीनं आलो. तिकीट दावू का?"

त्याने खरोखरच तिकीट दाखवले. निरोप कोणाचा, हे मी त्याला तेव्हाच विचारायला हवे होते. परंतु त्या क्षणी माझे मन शहागंजात धावत होते. कारण ज्याच्या धंद्यावर आमच्या रिठ्याने घाव घातला होता, तो माणूस तेथे बसत होता.

शहागंजातील बद्रीनाथचे दुकान म्हणजे बरण्यांचा बाजार. सुट्टे ॲसिड, फिनेल, रंग, सरस. गादीवर तो पाय पसरून बसला होता. त्याच्या पांढऱ्या सुती धोतराला गुडघ्यापाशी सात-आठ भोके होती. माझी नजर तेथे खिळली.

"या, बाई, या! आज गरिबाच्या दुकानी?"

"बद्रीनाथ, धोतराला भोके कशाची?"

त्याने खाली पाहिले आणि खदखदा हसला. "ॲसिडाची! तीस वर्षं ॲसिड विकतोय, माझं कंचं धोतर धड दिसलं तुम्हाला? माझी घरवाली म्हणती, तुमी धोतर नेसता का जाळं?"

"माझ्या मंडळामुळे तुझे गिऱ्हाईक गेले."

"गेलं की. अन् रिठा कुठून नेता तुम्ही?"

माझी नजर कोपऱ्यातल्या रिठ्याच्या पोत्याकडे गेली.

"सुगंधी दर पंधरवड्याला पोतंभर रिठा माझ्याच दुकानातून नेती. चिंच माझी, सोडा माझा. बाई, आम्ही यापारी लोक. तुम्ही ॲसिड घ्या, रिठा घ्या, राख घ्या, बद्रीनाथ इकणारच. तुमच्या मंडळाचं वाईट चिंतून मी का माझ्याच पोटावर पाय देऊ?" मग तो पुढे झुकला आणि आवाज खाली आला. "वाईट चिंतायचं कारण ज्याला हाय, तो येगळा. वाळूजला ॲसिड-फिनेलचा नवा कारखाना निघायलाय. समदा माल म्हणं येकाच ठिकाणी खपणार."

"कोणत्या ठिकाणी?"

"तुमच्याच वसाहतीत, अन् मागून समद्या कारखान्यात."

"मालक कोण?"

"मी यापारी माणूस. नाव घेत नाय. पण पाटी रंगवायला दिलीया, ती पलीकडच्या रंगाऱ्याकडं. पाटी तर बोलती ना?"

मी रंगाऱ्याकडे गेले. कुलूप होते. तो सासुरवाडीला गेला होता आणि बुधवारी येणार होता.

४

वसाहतीच्या समितीचे चिटणीस तात्यासाहेब. मंडळाला वसाहतीत आणले त्यांनीच. आमच्या रिठ्याच्या आणि परत पाठवायच्या ॲसिडच्या बाटल्यांच्या पेट्या त्यांच्याच मोटारीच्या खोलीत राहत, आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी त्यांच्या अंगावरच असे. वसाहतीतील बायांशी ते नेहमी मऊ बोलत. पारूच्या प्रेतावर पहिला हार त्यांनीच घातला होता.

शनिवारी दुपारी त्यांनी मला अंगणातील हौदापाशी खुर्ची दिली. हौदात कमळाची दोन पाने होती. एरवी तेथे लाल मासे फिरत. त्या दिवशी पाणी रिकामे होते.

"मासे कोठे गेले?"

"थंडीने मेले हो, वच्छलाताई. यंदा गारठा फार." त्यांनी उसासा टाकला. "पण मासे राहू द्या. आपली पारू गेली. मी पोलिसांना सांगितले, रिठ्याला दोष देऊ नका. रिठा म्हणजे अमृत. तान्ह्या मुलाने प्यायला तरी काही होणार नाही. दोष आहे माणसाच्या मनाचा. सुगंधा तशी नव्हती. पण दिवसच असे आहेत. जात जातीला वैरी."

"पेटी तुमच्याकडे केव्हा आली?"

"सोमवारी संध्याकाळी सुगंधेने आणून ठेवली, मी कुलूप लावले. पाहुणेघराची बाटली नेहमीप्रमाणे वेगळ्या फळीवर. शुक्रवारी सकाळी मी कुलूप काढले आणि पारूने ती नेली. मधल्या दिवसांत तिला कोणी हात लावला नाही, हे मी पोलिसांना लिहून दिले आहे."

"हौद रिकामा शोभत नाही," मी उठताना म्हणाले. "शहागंजात लाल मासे मिळतात."

"आणतो, आणतो. जीव रमवायला काही तरी हवे."

घरी आल्यावर मी पदराची गाठ सोडली. दोऱ्याचा भुगा समोर ठेवला, आणि माझ्या कानात पारूचे शब्द वाजले. त्या दिवशी काही दिसत नाही. चौथ्या दिवशी भोक.

आम्ही मंडळ काढले तेव्हा पहिल्या पंधरवड्यात ॲसिडच्या बाटल्यांनाही सुती दोराच बांधला होता, लाल रंगाचा. तो चार-पाच दिवसांत गळून पडे. म्हणून सुगंधेने लोकर आणली. लोकर ॲसिडला दाद देत नाही. आम्हा बायांना हे ठाऊक होते. बाहेरच्याला दोऱ्याचा केवळ रंग दिसे.

मी एक रिकामी बाटली घेतली, गळ्याला पांढरा सुती दोरा बांधला आणि नरसाळ्याशिवाय, अनभ्यस्त हाताने ओतावे तसे, तिच्यात ॲसिड ओतले. चार ओघळ दोऱ्यावर गेले. बाटली खिडकीत ठेवली. रविवारी दोरा ओढून पाहिला, घट्ट. सोमवारी घट्ट. मंगळवारी हिसका दिल्यावर तुटला, म्हणून उरलेल्या टोकाला हात न लावता ठेवले. बुधवारी बोट लावताच त्याचा भुगा झाला.

शनिवार ते बुधवार, चार दिवस.

याचा अर्थ पारूच्या बाटलीत ॲसिड शुक्रवारी पडले नव्हते. ते चार दिवस आधी, म्हणजे सोमवारी पडले होते. गुरुवारी रात्री परतलेला पुंडलिक सुटला. वसाहतीत पाऊल न टाकणारा बद्रीनाथ सुटला.

आणि सोमवारी ती बाटली भरली होती सुगंधेने. मी तिला सोडवायला निघाले होते, आणि माझ्याच हाताने तिच्या गळ्यातला दोरा आवळला गेला होता.

५

बुधवारी दुपारी फौजदाराने मला तिची भेट दिली. पाच दिवसांत ती निम्मी झाली होती.

"मी भांडले व्हते, बाई. तोंडानं भांडले. पारू माझ्या लेकराला सांजच्याला भाकर द्यायची. मी कशाला तिला..." तिने पदर डोळ्यांना लावला.

"रडू नकोस. मी विचारते तेवढेच सांग. सोमवारी बाटल्या भरताना नरसाळे होते?"

"व्हतं की. नरसाळ्याबिगर म्या कदी भरलंय? रिठ्याचं पाणी सांडलं तर फरशी निसरडी व्हती."

"भरलेल्या बाटलीला फेस होता?"

"समद्यांना व्हता. हालवून बघते मी, फेस आला का मगच बूच."

"मग ते पाणी गेले कोठे?" मी तिच्यापेक्षा स्वतःलाच विचारले. "बाटलीत ॲसिड घालायचे, तर आधीचे पाणी कोठे तरी ओतावेच लागते."

सुगंधेने डोळे पुसले. "फेस म्हणलं तर... मंगळवारी सकाळी म्या तात्यासाहेबांच्या अंगणातून जात व्हते. हौदावर पांढरा फेस व्हता. माळी मेलेलं मासं टोपल्यात भरीत व्हता. मला वाटलं, त्यांच्या बाईंनी साबण सांडला."

बाहेर फाटकाशी कडूबा बसला होता. पाच दिवस तो तेथेच बसून होता. मेंढ्या भावकीवर टाकल्या होत्या. मी त्याच्या शेजारी दगडावर बसले.

"कडूबाभाऊ, थंडीने हौदातले मासे मरतात?"

"थंडीनं मासं? नाय, बाई. मासं थंडीत तळाला जातं, मरत नाय."

"आणि रिठ्याने?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की एवढी शिकलेली बाई हे कसे विचारते. "रिठा तर माशाचं जहर हाय! आम्ही लहानपणी वढ्याच्या डोहात रिठा कुटून टाकायचो. फेस यायचा, अन् घटकाभरात मासं पोट वर करून तरंगायचं. माणसाला काय नाय, मेंढराला काय नाय. माशाच्या कल्ल्यात बसतो त्यो."

मी त्याला नमस्कार केला. त्याला कारण कळले नाही.

तेथून मी पुंडलिककडे गेले आणि शनिवारचा राहिलेला प्रश्न विचारला. निरोप कोणाचा होता? त्याने नाव सांगितले. मग शहागंजात रंगाऱ्याकडे गेले. पाटी भिंतीला टेकलेली होती. कारखान्याचे नाव लाल, भागीदारांची नावे निळी, शेवटचे नाव अजून ओले. मी ते दोनदा वाचले.

पारूच्या प्रेतावर पहिला हार घालणारे ते हात माझ्या डोळ्यांसमोर आले.

६

गुरुवारी सकाळी मी तात्यासाहेबांच्या अंगणात फौजदाराला, पुंडलिकला आणि बद्रीनाथला बोलावले. फौजदार कुरकुरत होता. उद्याच्या बंदोबस्तात त्याला श्वास घ्यायला सवड नव्हती.

"बाई, पुरावा असंल तर ठाण्यात आणा."

"पुरावा पाण्यात आहे. तो ठाण्यात कसा आणू?"

हौदात नवे लाल मासे फिरत होते. तात्यासाहेबांनी माझे ऐकले होते.

"वच्छलाताई, हे काय नाटक?" ते हसत म्हणाले.

"नाटक नाही. आपण म्हणालात, रिठा म्हणजे अमृत. आज पारूचा सातवा दिवस. तिच्या नावाने या हौदात थोडे अमृत घालावे म्हणते." मी पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याची बाटली काढली. हलवली. फेस वर आला. बूच काढून ती हौदावर तिरकी केली.

"अहो, थांबा! मासे मरतील!"

तात्यासाहेबांनी माझे मनगट धरले होते. बाटलीतून एक थेंबही पडला नव्हता.

"कशाने मरतील, तात्यासाहेब?" मी शांतपणे विचारले. "तान्हे मूल पिऊ शकते ते पाणी."

त्यांनी माझे मनगट सोडले.

"शनिवारी आपण मला सांगितले, मासे थंडीने मेले. मग रिठ्याने मासे मरतात हे आपल्याला कोणी शिकवले? मी सांगते. तीन तारखेच्या सोमवारी संध्याकाळी सुगंधेने पेटी ठेवली. ती गेल्यावर आपण पाहुणेघराची बाटली काढली आणि तिच्यातले रिठ्याचे पाणी या हौदात ओतले. निरुपद्रवी पाणी, कोठेही ओतले तरी काय, असे आपल्याला वाटले. मंगळवारी सकाळी हौदावर फेस होता आणि मासे उलटे होते. आपल्या माळ्याने ते टोपलीत भरले, त्याला विचारा. पाणी जर सुगंधेने आमच्या खोलीत बदलले असते, तर फेस आमच्या गटारात दिसला असता. आपल्या हौदात नव्हे."

"मासे मेले म्हणून मी खुनी?" त्यांचा आवाज चढला.

"नाही. रिकाम्या बाटलीत आपण शेजारच्याच पेटीतले ॲसिड ओतले. नरसाळ्याशिवाय. ते दोऱ्यावर ओघळले. आपल्याला वाटले, दोरा म्हणजे रंग. पांढरा असला की पारू निःशंक नेईल. तिला वाचता येत नाही आणि वास येत नाही, हे वसाहतीत सर्वांना ठाऊक. परंतु आम्ही ॲसिडला लोकर का बांधतो, हे आपण कधी विचारले नाहीत. बायांच्या कामातले काय विचारायचे! ॲसिडने सूत चौथ्या दिवशी भुगा होते. किल्ली आपल्याच अंगावर असते, आणि मधल्या दिवसांत बाटलीला कोणी हात लावला नाही, हे आपणच पोलिसांना लिहून दिले आहे." मी वळले. "पुंडलिक, पावडर टाक आणि खिडकी लाव, हा निरोप कोणाचा?"

पुंडलिकने टोपी काढली. या वेळी घातली नाही. "साहेबांचाच. टेलिफोनवर. पाव्हणं येणार म्हणलं व्हतं."

"आणि वाळूजच्या कारखान्याच्या पाटीवर शेवटचे नाव कोणाचे, बद्रीनाथ?"

"आता पाटीच बोलली म्हणल्यावर," बद्रीनाथ म्हणाला, "ह्यांचंच."

तात्यासाहेब हौदाच्या कठड्यावर बसले. मऊ आवाज गेला. आतला माणूस बोलू लागला.

"मला मारायची नव्हती ती! चार दिवस खोकली असती. रिठ्याचे नाव खराब झाले असते, तुमचे मंडळ बंद पडले असते, एवढेच. सगळे कर्ज काढून कारखाना उभारतोय मी, आणि चौदा अडाणी बायका राख आणि रिठा घेऊन माझ्या वाटेत उभ्या!"

"आणि सुगंधा?"

"दिवसच असे होते की..."

"की धनगराच्या मुलीने आमची बाई मारली म्हटले, तर कोणी पुढे विचारणार नाही. वस्त्या पेटतील, आणि त्या धुरात आपला धूर दिसणार नाही. सोळा वर्षांमागे माझे घर जळताना ज्यांनी हात शेकले, ते आपल्याच हिशोबाचे होते."

फौजदाराने त्यांना उठवले. मी वाट अडवली.

"एक राहिले. पारूच्या नवऱ्याला हे आपण सांगायचे. आपल्या तोंडाने. ते ऐकल्याशिवाय मी वाटेतून बाजूला होणार नाही."

फौजदाराने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला बहुधा पाचवीचा वर्ग आठवला. त्याने मान हलवली.

तात्यासाहेबांना पुढे जन्मठेप झाली. वाळूजची पाटी कधी लागली नाही. ती मी रंगाऱ्याकडून विकत घेऊन मंडळाच्या दारात पायपुसण्याखाली ठेवली. सात जानेवारीला मी दरवर्षी तुरुंगाच्या फाटकाशी रिठ्याच्या पाण्याची एक बाटली ठेवून येत असे, गळ्याला पांढरा दोरा बांधून. फाटकावरचे शिपाई विचारीत, आजी, हे कशाला? मी सांगे, त्यांना समजेल. ते वारले त्या वर्षी मी जाणे थांबवले. मला याचा पश्चात्ताप नाही.

७

शुक्रवार, चौदा जानेवारी. विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली. रस्त्यांवर निळे झेंडे निघाले, लोक रडत होते आणि नाचत होते.

कागद पुरे होईपर्यंत फौजदाराने सुगंधेला थांबवून ठेवले होते. तिला सोडले, तेव्हा ठाण्याबाहेर आमच्या वस्तीतले दोनशे लोक जमले होते. आत तात्यासाहेब काय बोलले, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की पारूला मारणारी आता सुटून बाहेर येणार. एकाच्या हातात दगड होता. सूर्यभानला मी आत बोलावून घेतले होते. तात्यासाहेबांचे शब्द त्याने ऐकले होते, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

मी घरून घोंगडी आणली होती. ती मी सुगंधेच्या डोक्यावरून पांघरली, तिचा खांदा धरला आणि पायऱ्या उतरले.

"बाई," पुढचा तरुण ओरडला, "घोंगडीखाली कोन हाय?"

मी थांबले. साडेपंधरा वर्षांपूर्वी मी हा प्रश्न खालून ऐकला होता.

"माझी लेक आहे," मी म्हणाले. "हात लावायचा असेल, तर आधी मला लाव."

दगड हातातच राहिला. एवढ्यात मागे पावले वाजली. सूर्यभान उठून दारात आला होता.

"वाट द्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हिनं नाय मारलं. मारणारा आत हाय. बाईंनी धरलाय."

वाट झाली. तिच्या टोकाला कडूबा उभा होता. मी सुगंधेला त्याच्या पुढ्यात नेले आणि तिच्या अंगावरची घोंगडी काढून, नीट चौपदरी करून, दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली.

"भाऊ, आपली वस्तू. फार दिवस ठेवून घेतली."

त्याने घोंगडी नाकाशी नेली. म्हाताऱ्याचे डोळे भरलेले होते. पण मेंढपाळाचे नाक जागे होते.

"धुतली वाटतं?"

"दरवर्षी. रिठ्याने."

"बेस. लोकरीला रिठाच लागतो. दुसरं काय सोसत नाय." त्याने घोंगडी खांद्यावर टाकली, लेकीचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिले. "फिटलं, बाई. समदं फिटलं."

मी मान हलवली. मग निळ्या झेंड्यांच्या गर्दीतून, पारूच्या घराकडे, सूर्यभानला घेऊन चालू लागले.